दुभाष्याचं काम करणारे संत
६ फेब्रुवारी । वाचन: गलतीकरांस पत्र २:१९-२०

ख्रिस्तसभा आज नागासाकीच्या २६ रक्तसाक्ष्यांचं स्मरण करते. त्यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर मरण आलं. पण ५ तारीख संत आगाथाची, म्हणून सण ६ ला. त्यांतले संत गोन्सालो गार्सिया वसईचे. २०१४ पर्यंत वसई आमच्या आटगावच्याच ठाणे जिल्ह्यात होती!

गोन्सालो लहान वयात येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले. त्यांना येशूसंघी व्हायचं होतं, पण प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला. पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले तेव्हा त्यांना दुभाष्या हवा होता. गोन्सालोंची भाषा तिथे कामी आली, आणि त्याच वाटेने ते क्रुसापर्यंत गेले. १८६२ मध्ये पोप पायस नववे यांनी त्यांना संत घोषित केलं.

आजच्या वाचनात पौल सांगतो, आता माझ्यात ख्रिस्त जगतो. दुभाष्याचंही तसंच ना? तोंड त्याचं, शब्द दुसऱ्याचे.

कसारा लोकलने इंटरव्ह्यूला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना नकार येतो! मला वाटतं, नकारानंतर हातात काय उरलं, ते आज देवापुढे ठेवूया.

प्रार्थना: प्रभू, जे मला येतं ते तुझ्या कामी येऊ दे. आमेन.