न्यू ऑर्लिन्सचे ल म्वान, तंजावरचे भोसले

प्रश्न : कॅनडातल्या एकाच फ्रेंच घराण्यातल्या भावांनी न्यू ऑर्लिन्स वसवलं, असं वाचलं. खरं का? आपल्या भागातलं कुणी असं परमुलखात जाऊन राज्य करतं झालं का?
— एक वाचक, अंथुर्णे (ता. इंदापूर)

उत्तर : खरं आहे. घराणं ल म्वान. मूळ पुरुष शार्ल, फ्रान्समधल्या दिएप बंदरातल्या खाणावळवाल्याचा मुलगा. 1641 मध्ये, पंधराएक वर्षांचा असताना कॅनडात आला, ह्युरॉन लोकांत राहून त्यांची भाषा शिकला, दुभाषा झाला आणि पुढे व्यापारावर मॉन्ट्रियलमधली गब्बर असामी बनला. त्याला बारा मुलगे! त्यांपैकी पिएर, म्हणजे इबर्व्हिल, 1699 मध्ये मिसिसिपीच्या मुखाशी पोचला. 1706 मध्ये तो हवानात वारला, पण वसाहतीचं काम अडलं नाही. धाकटा बिएनव्हिल तिथं होताच. 1718 मध्ये न्यू ऑर्लिन्स वसवलं ते त्यानं. गुलामांना जखडणारा ‘काळा कायदा’ही 1724 मध्ये लुइझियाना या तिथल्या फ्रेंच वसाहतीत त्यानंच लागू केला. पराक्रमाच्या गोष्टी सांगताना हे हमखास गाळलं जातं.

दुसऱ्या प्रश्नासाठी तुम्हाला तालुक्याबाहेर जायला नको. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. पुणे, सुपे, इंदापूर ही शहाजीराजांची जहागीर शिवाजी महाराजांनी सांभाळली. सावत्र भाऊ व्यंकोजीराजे वडिलांजवळ दक्षिणेत वाढले आणि 1675 च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतलं. ल म्वान भाऊ एकमेकांना धरून राहिले. इथं मात्र 1677 मध्ये महाराज दक्षिणेत उतरले, भावाभावांची भेट झाली आणि विषय निघाला तो वडिलांच्या दौलतीतल्या वाटणीचा! भावकी म्हटली की बांध आलाच.

तरी टिकाऊ ठरले ते भोसलेच. फ्रेंचांच्या हातून लुइझियाना 1763 पर्यंत गेलं; तंजावरची गादी 1855 पर्यंत चालली. माझ्या मते खरा फरक वेगळा आहे. लुइझियाना फ्रान्ससाठी वसवलं होतं; तंजावरचा वसूल मात्र पुण्या-साताऱ्याला येत नव्हता. हे राजे तिथलेच झाले, तमिळ-तेलुगूत रमले, आणि मराठीही सोडली नाही. त्यांच्यातल्याच सरफोजीराजांनी 1803 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर घराण्याचा इतिहास मराठीतच कोरवला.

या भोसल्यांची फ्रेंचांशी गाठही पडली. तंजावरच्या राज्यातलं कारैकाल बंदर 1739 मध्ये फ्रेंचांकडे गेलं. त्या वेळी बिएनव्हिल लुइझियानाचा गव्हर्नर होता आणि तिथल्या मूळ रहिवासी चिकासा लोकांवरच्या मोहिमेत गुंतला होता.