धुरा

गेल्या पावसाळ्यात रोवणी आटोपली नि पावसानं दडी मारली. सिंदेवाहीकडच्या धानकऱ्याला अशा दिवसांत झोप नसते. एका सकाळी शेतावर गेलो तर धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, फोडलेला. माझं पाणी शेजाऱ्याच्या बांधीत, माझ्या धानाच्या मुळाशी नुसता चिखल.

आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना होते. प्रभूच्या प्रार्थनेत आपण क्षमा मागतो, तीही कशी, तर आपण दुसऱ्यांना केली असेल तशी. आमेन म्हणायचो आणि पहिल्या घासासोबत शेजाऱ्याचा उद्धार सुरू. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी माझा चौथीतला मुलगा म्हणाला, ''बाबा, आज मी त्याच्या पोराला पेन्सिल देली नाही. चोराचा पोरगा हाये तो.''

बायबलातलं एक वचन पाठ करायला याला पंधरवडा लागतो. हा धडा आठ दिवसांत, न घोकता.

पालकहो, आपण मुलांना 'सोडून दे' म्हणतो आणि आपला राग त्यांच्याच ताटात वाढतो. वर आपली पोरं फार मनात धरतात, अशी तक्रारही करतो.

मुलांचा खरा प्रश्न असतो, माफ करायचं म्हणजे मार खाऊन गप्प बसायचं का? त्याला टाळाटाळीचं उत्तर देऊ नका. मी माझ्या मुलाला ग्लॅडिस स्टेन्सबाईंची गोष्ट सांगितली. त्यांचे पती ग्रॅहम ओडिशातल्या बारीपदा इथं कुष्ठरोग्यांची सेवा करत. ती सेवा काय असते, हे आनंदवनाच्या जिल्ह्यात मी काय सांगावं! जानेवारी 1999 मध्ये मनोहरपूर गावात, रात्री गाडीत झोपलेले असताना, जमावानं त्यांना जाळलं. सोबत 10 वर्षांचा फिलिप आणि 6 वर्षांचा टिमोथी. घरी उरल्या बाई आणि 13 वर्षांची एस्थर. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. आणि तिथून निघूनही गेल्या नाहीत. 2004 पर्यंत कुष्ठरोग्यांचं काम पाहिलं. मात्र खटला थांबला नाही. 2003 मध्ये आरोपींना शिक्षा झाली, मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. क्षमा बाईंची होती, न्याय कोर्टाचा. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ''टिमोथी माझ्याहून लहान होता.''

एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे माझं पाणी म्हणजे काय? पण खरं सांगू, मोठ्या क्षमेचं कौतुक करणं सोपं. धुऱ्यापलीकडच्या माणसाला रोज पाहावं लागतं.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, सात वेळा क्षमा करू का? ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या थोडं आधीचं आपण घाईनं ओलांडतो. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांग. नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा. आपण नेमकं उलटं करतो. टपरीवर, सोयऱ्यांच्या लग्नात, बायकोपोरांपुढे, सगळीकडे सांगतो. त्याला तेवढं सांगत नाही.

शेवटी गेलो. एकट्यानं जा म्हटलंय खरं, पण मुलाला सोबत नेलं; आठ दिवस शिव्या त्यानं ऐकल्या, तर हेही ऐकावं.

''धुरा आपसूक फुटला असंल,'' शेजारी म्हणाला. ''खेकड्यानं पोखरला.''

खेकडे फावडं कधीपासून धरायला लागले, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हणालो, ''भाऊ, पाणी गेलं त्याचं वाईट वाटलं. लागलं तर मागा, अर्धं अर्धं करू. पुन्हा फुटला तर मात्र गावातली चार माणसं बसवीन.'' त्यानं मान हलवली. त्याच्या बायकोनं चहा आणला.

परतताना मुलगा म्हणाला, ''त्यानं माफी तर मागितलीच नाही.''

''नाही.''

''मग तुम्ही माफ केलं?''

''करून राहिलो,'' म्हणालो. त्याहून जास्त बोललो असतो तर खोटं झालं असतं.

फुटलेल्या जागी मी घाईत चार ढेकळं टाकली होती. पुढच्या रविवारी चर्चहून येताना वाकडी वाट करून बांधीवर गेलो. ढेकळांवर कोणीतरी चिखलाचा जाड थर देऊन पायानं घट्ट दाबला होता. मुलानं त्यात उमटलेल्या पावलाशेजारी आपला पाय ठेवून पाहिला.

''बाबा, हा तुमचा पाय नाही,'' तो म्हणाला.