खोटे बोलताना मेंदूत काय घडते

मुंबईत नायगावास पोलिसांची मोठी वसाहत व कवाइतीचे मैदान आहे. त्या बाजूने जाणाऱ्या खेड्यातील मनुष्यास सहज वाटावे की, डोक्यास यंत्र लाविले म्हणजे पोलिसांस खरेखोटे तत्काळ समजत असेल. हा समज कितपत खरा आहे हे पाहणे अगत्याचे आहे. कारण गावात चोरी झाली की, "ह्याचा चेहराच सांगतो," असे म्हणून गरिबावर आळ घालणारे पुष्कळ असतात.

मेंदूत खोटेपणाची अशी निराळी जागा नाही. खोटे बोलणाऱ्यास खरी गोष्ट दाबून धरावी लागते, दुसरी रचावी लागते, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास बसला की नाही हेही न्याहाळावे लागते. हे श्रम मुख्यत्वेकरून कपाळामागील भागावर पडतात. म्हणून खोट्या उत्तरास बहुधा क्षणभर अधिक वेळ लागतो. 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील शोधकांनी आणखी एक गोष्ट दाखविली. स्वार्थासाठी मनुष्य वारंवार खोटे बोलू लागला म्हणजे भावनांशी संबंध असलेला, बदामाच्या आकाराचा ॲमिग्डाला नामक भाग उत्तरोत्तर कमी चेततो, आणि खोटेही वाढत जाते. निर्ढावणे हा आपला जुना शब्द किती नेमका आहे!

परंतु भय म्हणजे खोटेपणा नव्हे. पूर्वी संशयितांस कोरडे तांदूळ चावावयास देत. ज्याचे तोंड कोरडे पडे तो चोर ठरे. भयाने लाळ आटते हे खरे, पण निर्दोषही भितोच. श्वास, रक्तदाब व हाताचा घाम मोजणाऱ्या पॉलिग्राफ यंत्राचीही अडचण हीच.

मग मेंदूच तपासावा, असे काहींस वाटले. पुण्यातील एका विषप्रयोगाच्या खटल्यात आरोपी तरुणीच्या डोक्यास तारा जोडून, "मी विष विकत घेतले," अशा तऱ्हेची वाक्ये तिला ऐकविली. तिने गप्प बसावयाचे होते. मेंदूतील विद्युत्लहरींवरून तज्ज्ञांनी अनुमान काढले. 2008 च्या जूनमध्ये सत्र न्यायालयाने इतर पुराव्याबरोबर हेही ग्राह्य धरून तिला जन्मठेप दिली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने, ही पद्धती शास्त्रीय नाही व न्यायालयात पुरावा म्हणून वापरू नये, असा अभिप्राय दिला. ऐकलेली गोष्ट व केलेली गोष्ट ह्यांतील भेद लहरींवरून खात्रीने सांगता येतो, असे आम्हांसही वाटत नाही.

अखेर 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की, मनुष्याच्या संमतीवाचून नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची अशी चाचणी करता येणार नाही. पॉलिग्राफची संमती मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवावी, वकिलाचा सल्ला मिळावा, आणि संमती असली तरी चाचणीचा निकाल हाच पुरावा म्हणून घेऊ नये, असेही सांगितले. आपल्या मंडळीतील कोणास चौकशीसाठी बोलाविले, तर उपदेशकांनी निघण्यापूर्वी त्यास हे दोन वेळा वाचून दाखवावे.