धान वाळविण्याचे नवे यंत्र : पहिल्या घाण्यापूर्वीची परीक्षा

पवनी परिसरात धान वाळविण्याचे निम्मे काम पूर्वी शेतातच उरकत असे. विळ्याने कापलेल्या कडपा दोन-चार दिवस बांधीत उन्हाला पडत, मग भारे बांधले जात, मग पुंजणे रचले जाई. मळणीचा दिवस येईपर्यंत दाण्यातील ओल आपोआप उतरलेली असे. हार्वेस्टरमुळे कापणी व मळणी एकाच फेरीत होऊ लागल्यापासून ही सवड राहिली नाही. दाणा शेकडा वीस-बावीस ओलीचाच पोत्यात येतो. उन्हाळी धानाची कापणी मे महिन्यात येते व वळवाचा पाऊस वेळ सांगून येत नाही. शासकीय आधारभूत खरेदीत शेकडा १७ हून अधिक ओल चालत नाही. बियाण्यासाठी तर ती १३ च्या वर असता कामा नये. अशा वेळी शेतकरी गट एकत्र येऊन वाळवणी यंत्र घेतात, ही इष्ट गोष्ट आहे. परंतु यंत्र शेडमध्ये बसले की दुसऱ्याच दिवशी साऱ्या गावाचे धान त्यात ओतण्याची घाई होते, ती इष्ट नाही. यंत्राचा दोष पहिल्या घाण्यात उघड झाला, तर नुकसान पुरवठादाराचे होत नसून दहा-वीस कुटुंबांच्या वर्षाच्या मिळकतीचे होते.

म्हणून यंत्र ताब्यात घेतल्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी परीक्षा घ्यावी, व ती पुरवठादाराच्या कारागिरासमोर घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने त्या वेळी हजर राहून सर्व आकडे वहीत टिपून घ्यावेत. कापणीच्या निदान पंधरा दिवस आधी हे काम व्हावे. सुटा भाग मागवावा लागला तर तेवढा अवधी हाती असतो.

प्रथम वीज. यंत्राचा सांगाडा लोखंडी असतो व भोवती ओल्या धानाची, ओल्या पायांची वर्दळ असते. तेव्हा जमिनीत नीट पुरलेली अर्थिंग व गळतीचा प्रवाह तोडणारा खटका, या दोन्ही गोष्टी परवानाधारक वायरमनकडून तपासून घेतल्याखेरीज कळ दाबूच नये. त्यानंतर मोटारीच्या फिरण्याची दिशा पाहावी. तीन फेजच्या जोडणीत दोन तारांची अदलाबदल झाली की मोटार उलट फिरते. उच्चालक उलट फिरला तर ते लगेच कळते. पण पंख्याच्या बाबतीत फसगत होते. नरसाळ्यासारख्या पेटीतील पंखा उलट फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, मात्र तिचा जोर फार कमी असतो. वारा येतो म्हणून पंखा ठीक आहे असे मानू नये. पेटीवरील बाणाशी दिशा पडताळावी.

मग आतील बाजूची सफाई. नव्या पत्र्यांवर गंज चढू नये म्हणून तेल लावलेले असते. जोडणीच्या वेळचे नटबोल्ट, तारेचे तुकडे व बांधणीचे कागद आत राहिलेले असतात. हे सारे काढून कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, व यंत्र रिकामेच दोन तास गरम हवेवर चालवावे. रंगाचा व तेलाचा वास प्रथम येईलच; तो थांबेपर्यंत दाणा आत घालू नये. भट्टी विटांची असेल तर पहिल्या दिवशी मंद जाळ ठेवावा. नव्या बांधकामातील ओल एकदम तापली की भेगा पडतात, आणि त्याच भेगांतून पुढे धूर धानात शिरतो.

धुराची परीक्षा सोपी आहे. तुसाची भट्टी पेटलेली असताना गरम हवेच्या तोंडावर ओले केलेले पांढरे फडके अर्धा तास बांधून ठेवावे. फडक्यावर काजळी उतरली किंवा त्याला धुराचा वास लागला, तर भट्टी व हवा यांमधील पत्रा कोठेतरी गळतो आहे असे समजावे. भट्टीचा धूर मात्र शेडबाहेरच गेला पाहिजे. बंद शेडमध्ये कोंडलेला धूर माणसाच्या जिवावर बेततो. ओलसर हवेच्या निकासाचेही तेच. हजार किलो धान शेकडा २० वरून १४ वर आणायचे म्हणजे सुमारे ७० लिटर पाणी हवेत सोडायचे. ते पाणी शेडमध्येच घुटमळले तर पंखा तीच ओली हवा पुन्हा आत ओढतो, व इंधन जळूनही दाणा वाळत नाही.

यंत्रावरील उष्णतामापकावर विसंबू नये. त्याच्या शेजारी वेगळा, खात्रीचा उष्णतामापक लावून दोहोंचे आकडे ताडून पाहावेत. सपाट तळाच्या यंत्रात बियाण्याच्या धानाला लागणारी हवा ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देऊ नये. दहा अंशांची चूक डोळ्यांना दिसत नाही. ती कळते बियाणे उगवले नाही तेव्हा.

आता धानाची चाचणी. यासाठी पाखडून स्वच्छ केलेले, पण कमी प्रतीचे धान घ्यावे. काडीकचरा राहिला तर हवेच्या वाटा बुजतात व आगीचे भय राहते. थोडे धान टाकून पाहू, असे म्हणून अर्धवट घाणा मात्र भरू नये. उभ्या यंत्रात किमान पातळीपर्यंत धान नसेल तर गरम हवा मोकळ्या भागातून निसटते. सपाट तळाच्या यंत्रात थर कोठे पातळ राहिला तर सारी हवा तेथूनच फुटते. थर सर्वत्र सारखा करावा व वरून तुसाची चिमूट ठिकठिकाणी सोडून पाहावी. कोठे ती उडते, कोठे तशीच पडून राहते, यावरून हवेची असमान वाटणी ध्यानात येते.

ओलीच्या मापकाबद्दल दोन शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण बहुतेक तंटे येथेच होतात. यंत्रातून काढलेला दाणा गरम असतो व त्याचे पृष्ठ गाभ्यापेक्षा कोरडे असते. अशा दाण्याचे माप खऱ्या ओलीपेक्षा कमी येते, आणि दुसऱ्या दिवशी खरेदी केंद्रावर तेच धान ओले ठरते. म्हणून नमुना झाकणबंद डब्यात रात्रभर ठेवून सकाळी मोजावा. याहूनही भरवशाचा साक्षीदार म्हणजे तराजू. शेकडा २० ओलीच्या एक किलो धानात ८०० ग्रॅम कोरडा भाग असतो व तो वाळवणीत कमी होत नाही. शेकडा १४ ओल राहिली की वजन ९३० ग्रॅम भरते. जाळीदार कापडाच्या पाच पिशव्यांत एकेक किलो धान भरून त्या सपाट यंत्राच्या चार कोपऱ्यांत व मध्यभागी दाबून ठेवाव्यात, आणि घाणा उतरल्यावर तोलाव्यात. एक पिशवी ९३०, दुसरी ९७० भरली तर यंत्र सर्वत्र सारखे वाळवीत नाही हे कोणत्याही मापकाविना सिद्ध होते, व पुरवठादारालाही ते नाकारता येत नाही. उभ्या यंत्रासाठी घाण्यापूर्वीचे व नंतरचे सर्व धान तोलावे. ताशी शेकडा एकच्या आसपास ओल उतरली तर चाल योग्य समजावी. त्याहून घाई करणाऱ्या कारागिराचे कौतुक करण्याचे कारण नाही.

घाईचा परिणाम तांदळात दिसतो. त्याच धानातील दोन किलो वेगळे काढून सावलीत वाळवावे. मग दोन्ही ढिगांतील पन्नास-पन्नास दाणे हाताने सोलून बॅटरीच्या उजेडावर धरावेत व आडव्या चिरा असलेले दाणे मोजावेत. यंत्राच्या ढिगात चिरा ठळकपणे अधिक असतील तर हवा अधिक गरम आहे किंवा दाण्याला मध्ये विसावा मिळत नाही. एचएमटीसारख्या बारीक, लांबट दाण्याच्या बाबतीत ही मोजणी टाळूच नये. गिरणीत कणी झाली की भावाचा फरक लगेच पडतो. तसेच वाळलेले धान पुन्हा भिजू देऊ नये. वाळलेल्या दाण्याने ओल शोषली की तो हमखास चिरतो.

बियाणे याच यंत्रात वाळवायचे असेल तर दोन्ही ढिगांतील शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची चौदाव्या दिवशी करावी. प्रमाणित बियाण्यासाठी शेकडा ८० उगवण लागते. ताज्या धानात काही वाणांना सुप्तावस्था असते. दोन्ही ढीग सारखेच कमी उगवले तर दोष यंत्राचा नाही, काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा घ्यावी. यंत्राचा ढीग मागे पडला तर उष्णता कमी करून नव्याने परीक्षा करावी, आणि चौदा दिवसांचा हा निकाल हाती येईपर्यंत गटाचे बियाण्याचे धान जुन्या रीतीने, ताडपत्रीवर पातळ पसरून सावलीतच वाळवावे.