पाणवठ्याचे वाचन : कवालच्या वनातील वन्यजीव निरीक्षण

पैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या तीन नद्यांच्या वेढ्यात जुना आदिलाबाद जिल्हा वसलेला आहे. पैनगंगेच्या एका तीरावर यवतमाळ जिल्हा, तर दुसऱ्या तीरावर आदिलाबाद. नदीकाठच्या अनेक गावांत मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. २०१६ साली या जिल्ह्याचे विभाजन होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे अस्तित्वात आले. या चारही जिल्ह्यांना स्पर्श करणाऱ्या कवालच्या वनास १९६५ मध्ये अभयारण्याचा व २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा प्राप्त झाला. विद्यार्थ्यांची सहल नेऊ इच्छिणारे शिक्षक, वाटाड्याचे काम पत्करू पाहणारे ग्रामीण तरुण आणि सहलीस अनुमती देणारे अधिकारी या सर्वांस येथील वन्यजीव निरीक्षणाची पद्धती ज्ञात असणे अगत्याचे आहे.

हे वन पर्जन्यारण्य नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आंबोलीसारख्या सदाहरित वनात ओलावा सर्वत्र असतो; त्यामुळे तेथील प्राणी विखुरलेले राहतात व दाट पालवीत सहसा दृष्टीस पडत नाहीत. कवालचे वन शुष्क पानझडीचे आहे. साग, ऐन, तेंदू, मोह व वेळू हे त्याचे मुख्य वृक्षवैभव. वर्षाकाठचा बहुतेक पाऊस चार महिन्यांतच पडून जातो आणि मे महिन्यात तापमान ४५ अंशांपर्यंत चढते. पाने गळतात, ओहोळ आटतात आणि कडेम नदीचे डोह, तिचे उपप्रवाह व वनातील लहान तळी एवढाच काय तो जलाशय शिल्लक उरतो. सर्व वन्य जीवनाचा ओघ मग या मोजक्या स्थळांकडे वळतो. वाघाच्या मागे धावणारा प्रवासी बहुधा निराश होऊन परततो, कारण येथे येणारे वाघ बव्हंशी ताडोबा वा टिपेश्वरकडून फिरत आलेले असतात. ज्याने पाणवठा वाचण्याची कला साध्य केली, तो मात्र रिकाम्या हाताने परतत नाही.

कोण केव्हा येतो

सर्व प्राण्यांची तहान सारखी नसते. गव्यास उन्हाळ्यात प्रतिदिन पाणी लागते. चौसिंगा हा चिमुकला मृग पाण्यापासून फार दूर जात नाही. म्हणून तो आढळला की जवळपास जलस्थान आहे, असे अनुमान करता येते. उलटपक्षी नीलगाय पाण्यावाचून काही दिवस काढू शकते. सांबर सायंकाळनंतर, अंधाराच्या आश्रयाने येते व पाण्यात उतरून पाणवनस्पतीही खाते. रानकुत्र्यांची टोळी मात्र दिवसाउजेडी येते. वाघ उन्हाच्या वेळी पाण्यात बसतो तेव्हा अनेकदा मागील बाजूने उतरतो आणि तोंड कोरडे ठेवतो. ही त्याची रीत पाहण्यासारखी खरी, परंतु ती पाहावयास मिळणे हा केवळ योगायोग.

पक्ष्यांच्या बाबतीत निरीक्षकाचे भाग्य अधिक उघडते. खंड्या, बगळे, पाणकावळे व कमळपक्षी वर्षभर दिसतात. काठावरील अर्जुनाच्या वा जांभळीच्या झाडावर मासेखाऊ घुबड दिवसा स्वस्थ बसलेले आढळते. हिवाळ्यात चक्रवाक व इतर स्थलांतरित बदके उघड्या जलाशयांवर उतरतात. पावसाळ्याच्या तोंडाशी नवरंग येतो. तो पाण्यावर नव्हे, तर ओल्या पालापाचोळ्यात शोधावा लागतो.

चिखलातील अक्षरे

प्राणी दिसला नाही तरी त्याचा लेख काठच्या चिखलात राहतो. मार्जारकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे वाघ व बिबट्या यांच्या ठशांत नखांची खूण सहसा उमटत नाही. तरस व रानकुत्रा यांच्या ठशांत ती उमटते. अस्वलाच्या मागील पावलाचा ठसा मनुष्याच्या पावलासारखा भासतो व नवख्यास बुचकळ्यात टाकतो. रानडुकराच्या खुरामागे दोन लहान उपखुरांचे ठिपके दिसतात. गव्याचा ठसा ओळखणे सर्वांत कठीण, कारण गावचे गुरेही त्याच काठावर पाणी पितात. येथे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस एक गोष्ट अवश्य समजावून द्यावी. लाळ्या-खुरकूत हा रोग गुरांपासून गव्यांस लागू शकतो. यास्तव गावातील जनावरांचे वेळेवर लसीकरण हेही वनसंरक्षणाचेच कार्य ठरते.

पूर्वी वाघांची गणना ठशांवरून होत असे. २००६ च्या देशव्यापी गणनेपासून स्वयंचलित कॅमेऱ्यांची पद्धती स्वीकारण्यात आली, कारण अंगावरील पट्टे प्रत्येक वाघाचे निराळे असतात. तरीही कॅमेरा कोठे बांधावा, हे अद्याप चिखलातील ठसाच सांगतो.

वाटाड्याचे स्थान

गोंड, कोलाम व नाईकपोड समाजातील जाणत्या व्यक्ती या वनाच्या खऱ्या अभ्यासक होत. तेलुगूत ओढ्यास 'वागू' व लहान तळ्यास 'कुंटा' म्हणतात. वनातील जागांच्या नावांत हे शब्द येतात आणि ज्यास ते कळतात, त्यास नकाशावाचूनही पाण्याचा माग लागतो. वानराचा खाकरा, चितळाची शीळ व सांबराचे भोंगळ 'ढाँक' यांतील फरक ग्रंथ वाचून कळत नाही. वाटाड्या वारा तोंडावर येईल अशी वाट धरतो. पाण्याजवळ पोहोचताच तो काठावर मेलेले बेडूक, मधमाश्या वा मासे पडले आहेत काय, हे आधी पाहतो. कारण शिकारी लोक कधी कधी पाण्यात विष कालवतात. असे काही आढळल्यास सहल तेथेच थांबवून वनरक्षकास कळविणे हे त्याचे पहिले कर्तव्य.

उन्हाळ्यात वन विभागातर्फे बशीच्या आकाराच्या उथळ टाक्या भरल्या जातात. अशा टाकीजवळ वाहन उभे करून तासभर गलका करणाऱ्या मंडळीस आपण कोणाचे काय हिरावले, याची कल्पना नसते. झाडीत उभे असलेले जनावर पाण्यावाचून परत फिरते व पुढील पाणवठा कित्येक मैलांवर असतो. म्हणून निरीक्षकांनी आडोशास, पाण्यापासून पुरेशा अंतरावर, थोड्या संख्येने व थोडा वेळ बसावे. उघड्या वाळूवर चालताना पायाखाली पाहावे. टिटवी व नदी सुरय यांची अंडी उन्हाळ्यात जमिनीवरच असतात आणि खड्यांत मिसळून गेलेली असतात. आदिलाबाद जिल्ह्यातील कुंटाला येथे कडेम नदी सुमारे दीडशे फूट खाली कोसळते. तेथील डोहात प्रवासी बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत, तेव्हा विद्यार्थ्यांस पाण्यात उतरू देऊ नये.

गाव आणि वन

पाहुण्यास जे कौतुकाचे वाटते, ते ग्रामस्थास भयाचे असू शकते, ही जाणीव अधिकारी वर्गाने सदैव बाळगली पाहिजे. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले वेचण्यास स्त्रिया पहाटे वनात जातात. त्याच फुलांसाठी अस्वलही येते. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किनवट भागातून एक नर वाघ जोडीदाराच्या शोधात निर्मल व आदिलाबाद जिल्ह्यांत फिरत राहिला, तेव्हा कापूस वेचणीच्या दिवसांत शेतमजुरांस शिवारात जाणे कठीण झाले. ताडोबा व कवाल यांस जोडणाऱ्या वनपट्ट्यास मे २०२५ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करण्यात आले. आदिवासी ग्रामस्थांच्या विरोधानंतर तो आदेश जुलै २०२५ मध्ये स्थगित ठेवण्यात आला. हा विरोध वन्य प्राण्यांशी वैर म्हणून समजणे सर्वथा चूक होईल. जमीन व वनोपज यांवरील हक्काची चिंता त्यामागे आहे. सहलीचे शुल्क, वाटाड्याची मजुरी व भोजनाचा खर्च गावातच राहिला, आणि मारल्या गेलेल्या गुराची भरपाई विलंबाविना मिळाली, तर त्याच गावचा मनुष्य पाणवठ्याचा राखणदार होतो. नाही तर शेतकुंपणाच्या तारेत वीज सोडणाऱ्यास तो पाहूनही न पाहिल्यासारखे करतो.

सहलीहून परतल्यावर विद्यार्थ्यांकडून नोंदवही पूर्ण करून घ्यावी. तीत दिनांक, वेळ, पाण्याची पातळी, ठसे, पक्षी व आवाज यांची नोंद असावी. ज्या जागी काहीच दिसले नाही, तीही लिहावी. तोच पाणवठा कार्तिकात, माघात व वैशाखात असा तीनदा पाहिल्यास वही शाळेच्या कपाटात ठेवण्यायोग्य होते, आणि पुढील वर्षाच्या वर्गास पाणी किती लवकर आटले, हे तीवरून ताडून पाहता येते.