फर्म मोडली, पण कुणाला कळवलं नाही

फर्म मोडून आठ महिने झाले होते, तेव्हा नांदेडच्या एका बारदानवाल्याचं पत्र आलं. पोत्यांचे आणि सुतळीचे पैसे कधी देता? माल मी बाहेर पडल्यानंतरचा. माझ्या जुन्या भागीदारानं तो फर्मच्या नावावर उधार आणला होता.

हैदराबादच्या अफझलगंजात, उस्मानिया दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं दुकान होतं. मी नोकरदार, पैसा माझा, कष्ट त्याचे. घातलं तेवढंच बुडेल, अशी माझी पक्की समजूत होती. इंग्लंडात १९०७ च्या कायद्यानं तशी मर्यादित भागीदारी आहे. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्यात ती नाही. आपल्याकडे फर्मचं सगळं देणं एकट्या भागीदाराकडूनही वसूल होऊ शकतं, त्यानं दुकानात पाऊल ठेवलेलं नसलं तरी. जोखमीला मर्यादा हवी असेल, तर २००८ च्या कायद्याखाली एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, काढावी लागते.

वेगळं होताना आमचं भांडण नव्हतं, म्हणून कोर्टाचा प्रश्नच आला नाही. सगळे राजी असतील तर भागीदारी कायद्याचं कलम ४० पुरतं. करारात मुदत किंवा शेवट ठरवलेला नसेल, तर कलम ४३ नुसार एका भागीदारानं बाकीच्या सगळ्यांना लेखी नोटीस दिली, की तीत लिहिलेल्या तारखेपासून फर्म विसर्जित होते. आम्ही स्टँप पेपरवर सह्या केल्या, चहा घेतला आणि मी घरी गेलो.

घात तिथंच झाला. कलम ४५ प्रमाणे विसर्जनाची जाहीर सूचना निघेपर्यंत एका भागीदारानं फर्म म्हणून केलेल्या व्यवहाराची जबाबदारी दुसऱ्यावरही राहते. नांदेडच्या माणसाकडच्या जुन्या बिलांवर आम्हा दोघांची नावं छापलेली होती. त्याचं काय चुकलं? मी पैसे भरले.

म्हणून कळकळीनं सांगतो, सह्यांची शाई वाळायच्या आत पुढची कामं करा. फर्म नोंदलेली असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे सूचना द्या. राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात द्या. हैदराबादेत तेलुगू किंवा उर्दू चालेल. नोंदणी नसली तरी राजपत्र आणि वर्तमानपत्र सुटत नाही. नेहमीच्या व्यापाऱ्यांना वेगळी पत्रं पाठवा, पोच जपा. बँकेतलं खातं थांबवा. बिलबुकं आणि रबरी शिक्का ताब्यात घ्या. जीएसटीची नोंदणी रद्द करून अंतिम विवरणपत्र तीन महिन्यांत भरा.

हिशेबाचा क्रम कायद्यानंच लावून दिला आहे: आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी दिलेली कर्जं, मग भांडवल, उरलं तर नफ्याच्या प्रमाणात वाटणी. उधारी कोण वसूल करणार, मागाहून निघालेलं देणं कोण सोसणार, हे करारात नावानिशी लिहा. सावकाराला ते बांधत नाही, पण भागीदाराकडे मागायला तुमच्या हाती कागद राहतो.

आमच्या कागदात तसली ओळच नव्हती. विसर्जनानंतरचा हिशेब मागायला कायदा तीन वर्षं देतो, त्यातलं एक सरत आलं होतं. शेवटी बाजारातल्या एका जाणत्या व्यापाऱ्याला आम्ही दोघांनी लेखी लवाद नेमलं. चार बैठकांत त्यांनी खतावणी लावली, आणि नांदेडच्या रकमेतला भागीदाराचा वाटा आता मला हप्त्यानं मिळतो आहे.