गुणसूत्राच्या दाखल्याची दुसरी बाजू

माझ्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे आहेत, एक 'एक्स' अधिक आहे, ही हकीकत मला विवाहानंतर, अपत्यप्राप्ती होईना म्हणून केलेल्या तपासणीत कळली; आणि या विकाराचे पुष्कळ पुरुष याच दाराने वैद्यकाच्या दप्तरी दाखल होत असल्यामुळे, कागदावर 'वंध्यत्व' असा शेरा पडला की पुढील सारी चौकशी बरखास्त झाल्यासारखी होते. १९४२ साली बोस्टन येथे हॅरी क्लाइनफेल्टर यांनी या लक्षणसमूहाचे वर्णन केले आणि १९५९ साली एडिंबरो येथे पॅट्रिशिया जेकब्ज व जॉन स्ट्राँग यांनी त्याचे मूळ जादा गुणसूत्रात दाखवून दिले. परंतु त्याचा रक्ताशीही काही संबंध आहे, हे मला कोणी सांगितले नाही.

रात्रभर बसमध्ये पाय दुमडून केलेल्या एका प्रवासानंतर माझ्या डाव्या पोटरीस ठणका लागला, तेव्हा स्नायू आखडला असेल असे म्हणून एका दवाखान्यात मलम आणि शेक यांवर बोळवण झाली. पुढे तोच पाय सुजून ऊन लागू लागला, जिन्याच्या चार पायऱ्या चढताच धाप लागू लागली आणि श्वास ओढताना बरगडीखाली कळ येऊ लागली, तेव्हा कुठे रुग्णालय गाठले. तेथील डॉक्टरीणबाईंनी माझे जुने कागद चाळले, क्लाइनफेल्टर हे नाव वाचताच त्या थबकल्या, आणि पायाची डॉप्लर व छातीची सीटी तपासणी करविली. पोटरीतील गुठळीचा तुकडा फुप्फुसाच्या धमनीत जाऊन बसला होता.

अशा पुरुषांत शिरेत गुठळी होण्याचा धोका इतरांहून कित्येक पट अधिक असतो, हे स्वीडन व डेन्मार्क येथील राष्ट्रीय आरोग्यनोंदींवरून दिसून आले आहे. कारण मात्र एकच नाही. या विकारात टेस्टोस्टेरॉन बहुधा कमी असते, आणि ते कमी असले की गुठळी विरघळविण्याच्या शरीराच्या स्वाभाविक व्यवस्थेस आडकाठी करणारे एक प्रथिन वाढलेले आढळते. गोठण्यास लागणाऱ्या आठव्या घटकाचे जनुक 'एक्स' वरच असते (एक प्रत जास्त म्हणून घटक दुप्पट, इतका हा हिशेब सरळ मात्र नाही). शिवाय पोटाचा घेर आणि पायांच्या फुगलेल्या शिरा यांचीही त्यात भर पडते. घोट्यापाशी वारंवार चिघळणारी जखम हीदेखील याच घराण्यातली तक्रार होय.

म्हणून शस्त्रक्रिया ठरली, पायास प्लास्टर बसले किंवा आजारपणाने अंथरूण धरावे लागले, तर गुणसूत्रांचा अहवाल डॉक्टरांनी न विचारताही त्यांच्यापुढे ठेवावा. लज्जेपायी तो कपाटात कुलूपबंद करणारी घरे मी पाहिली आहेत. एकच पाय सुजला व दुखू लागला, तर आपल्याकडे वडीलधारी मंडळी मायेने तेल चोळावयास बसतात, ते नम्रपणे पण निश्चयाने थांबवावे. धाप, छातीत कळ किंवा थुंकीत रक्त दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने चालू असतील तर भयाने परस्पर बंद करू नयेत. मात्र हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, वेळोवेळी मोजावे, कारण ते ५४ टक्क्यांवर गेल्यास औषध थांबवून मात्रा कमी करावी, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. गुठळी झाल्यावर रक्त पातळ करणारी औषधे निदान तीन महिने, काहींना त्याहून पुष्कळ अधिक काळ घ्यावी लागतात. ती चालू असता दुकानातून अंगदुखीची गोळी आणून घेणे हे आपल्याकडील सर्वांत निष्पाप वाटणारे साहस आहे. त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. वॉरफरिन घेणाऱ्याने मेथी-पालक वर्ज्य करण्याचे कारण नाही. एका आठवड्यात ताटभर आणि दुसऱ्यात मुळीच नाही, असे मात्र होऊ देऊ नये, नाहीतर रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हे दाखविणारा आयएनआरचा आकडा डॉक्टरांच्या हाती लागत नाही.